गाठीची साक्ष आणि औषधाची निवड

जठराच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांना एकच औषध, एकाच मात्रेत दिले जाते. एकाची गाठ आक्रसते, दुसऱ्याची वाढतच राहते. मळमळ, ग्लानी आणि खर्च मात्र दोघांच्याही वाट्याला येतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासणाऱ्या गाठी आतून भिन्न असतात, हे आता निर्विवाद आहे. 'कॅन्सर जीनोम ॲटलास' या अमेरिकी प्रकल्पाने २०१४ साली २९५ गाठी तपासून या कर्करोगाचे चार रेणवीय प्रकार मांडले.

मग गाठीलाच विचारून औषध का ठरवू नये? पेशीतील कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निद्रिस्त, यावरून औषध निवडण्याची ही कल्पना आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २०११ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींवरून दोन प्रकार ओळखले. एक ऑक्सॅलिप्लॅटिनला अधिक दाद देणारा, दुसरा सिस्प्लॅटिनला. पुढे प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठीचा तुकडा तपासून त्यानुसार औषध देण्यात आले. त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. उपचार सुरू होण्यापूर्वी गाठीचा प्रकार कळू शकतो, हे सिद्ध झाले. परंतु सिस्प्लॅटिनसाठी निवडलेल्या गटात प्रतिसाद अगदीच तुटपुंजा निघाला. काचपात्रातील पेशींनी दिलेली ग्वाही माणसाच्या देहात टिकली नाही. संशोधकांनी हे अपयश दडवले नाही, ही त्या प्रयोगाची खरी थोरवी होय.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातील संशोधकांनी अवघ्या चार जनुकांच्या आधारे, शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीचा लाभ कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे सांगणारी कसोटी मांडली. निष्कर्ष आशादायक आहे. पण तो पूर्वीच्या एका चाचणीतील जतन केलेल्या नमुन्यांवरून काढलेला आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. रुग्णापाशी वेळ नाही. पुराव्याची वाट पाहत का बसायचे? आक्षेपातील कळकळ खरी आहे. पण उपयोगी औषध 'तुम्हाला लागू पडणार नाही' असे सांगणारी चाचणी चुकली, तर त्या चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही. म्हणूनच येथे घाई ही दया ठरत नाही.

याचा अर्थ हा मार्गच निष्फळ आहे, असा नव्हे. एचईआर-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेल्या प्रगत रोगात, केमोथेरपीला ट्रॅस्टुझुमॅबची जोड दिल्यास सरासरी आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर जाते, हे २०१० साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. या औषधाची भारतीय आवृत्ती २०१४ पासून उपलब्ध आहे. सिद्ध झालेली तपासणी प्रत्येक योग्य रुग्णापर्यंत, जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतही पोहोचवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. नावीन्याच्या मोहात ते मागे पडता कामा नये.

दुसरे कर्तव्य संशोधनाचे. आपल्या देशात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरममध्ये सर्वाधिक आहे. तेथील आहार, सवयी आणि जंतुसंसर्ग सिंगापूर वा कोरियासारखे असतीलच, असे गृहीत धरता येणार नाही. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ च्या जानेवारीत अभ्यासकांना खुली झाली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु ती जन्मजात वारशाची नोंद आहे. गाठीच्या आत काय घडते, ते तिच्यात सापडणार नाही. त्यासाठी आपल्याच रुग्णांच्या गाठींचे नमुने, त्यांवर झालेले उपचार आणि फलित यांची सांगड घालावी लागेल. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या जाळ्यातून हे काम होऊ शकते. मात्र सिद्ध न झालेल्या चाचणीचा खर्च संशोधनाने सोसावा; दागिने गहाण टाकणाऱ्या कुटुंबाने नव्हे.

तोवर अशी महागडी तपासणी सुचवली गेल्यास प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरांना नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत. या अहवालाने उपचार बदलणार आहे का? आणि त्या बदलाचा लाभ रुग्णांवर सिद्ध झाला आहे का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर खर्च सार्थकी लागेल. अन्यथा तोच पैसा रुग्णाच्या पोषणासाठी आणि शुश्रूषेसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.