अक्षर आणि आशय

भारतीय राज्यघटनेचे २१ वे कलम एका वाक्याचे आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाही व्यक्तीचे जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही, एवढेच ते सांगते. १९५० पासून त्यातील एकही शब्द बदललेला नाही. अर्थ मात्र असा बदलला आहे की, त्या काळच्या विधिज्ञास आजचे कलम ओळखू येऊ नये. कायद्याचे अक्षर आणि त्याचा आशय यांतील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, याचा हा धडा आहे.

या कलमाची शब्दयोजना अनवधानाने झालेली नव्हती. प्रारंभी अमेरिकी घटनेतील 'उचित प्रक्रिया' ही संज्ञा स्वीकारण्याचा विचार होता. त्यामुळे न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता जाईल, या भीतीने मसुदा समितीने ती वगळली. विधिमंडळही पक्षीय आवेशात नागरिकांचे हक्क चिरडू शकते, याची जाणीव डॉ. आंबेडकरांना होती. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दोन्ही धोके घटना समितीपुढे मांडले आणि निर्णय सभागृहावर सोपविला. पुढे अटकेपासून काही किमान संरक्षण देणारे वेगळे कलमही त्यांनी आणले.

स्थानबद्ध कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने शब्दांवर बोट ठेवले. संसदेने कायदा केला, त्यात कार्यपद्धती सांगितली, ती पाळली गेली. मग ती न्याय्य आहे की नाही, हे पाहण्याचे कारण नाही! या वाचनाची परिणती आणीबाणीत दिसली. विनाचौकशी स्थानबद्ध असलेल्यांच्या याचिका ऐकता येतात, असा निर्वाळा नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो फिरविला. बेकायदा प्राण घेतला गेला तरी दाद मागता येणार नाही काय, या न्या. हंसराज खन्ना यांच्या प्रश्नाला सरकारच्या महान्यायवादींचे उत्तर होकारार्थी होते. जगण्याचा हक्क हे काही या कलमाने दिलेले दान नव्हे, असे म्हणणारे खन्ना एकटे पडले. १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले.

मनेका गांधी खटल्यात जानेवारी १९७८ मध्ये न्यायालयाने दिशा बदलली. कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे; १४, १९ आणि २१ ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत, असे ठरले. घटनाकारांनी जाणीवपूर्वक दाराबाहेर ठेवलेली कल्पना अशा रीतीने खिडकीतून आत आली. मग न्यायाधीशांनी आपल्या मनातले घटनेच्या तोंडी घातले, असा आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. आज उदार अर्थ काढणारा न्यायाधीश उद्या संकुचित अर्थही काढील. म्हणून आशयाचा शोध हा वाचकाच्या इच्छेचा नव्हे, तर संपूर्ण संहितेचा शोध असला पाहिजे. समतेची हमी देणारी घटना काही कलमांपलीकडे मनमानीला मोकळीक देते, असे मानणे हेच खरे तर अक्षरांचे चुकीचे वाचन होय.

तथापि, अर्थ व्यापक झाला म्हणजे आयुष्य बदलते, असेही नाही. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात म्हटले. तत्त्व त्यांच्या बाजूने गेले. पदपथ मात्र त्यांना पावसाळ्यानंतर सोडावा लागणारच होता. १९७६ च्या निवाड्याचे चूक असणेही न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केले ते २०१७ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी. तोवर त्या वेळचे अनेक स्थानबद्ध हयातही नव्हते.

सुटकेची वाट पाहणाऱ्या कैद्याला किंवा झोपडीतील कुटुंबाला घटनेचा आशय अर्धशतकानंतर कळून उपयोग नसतो. तो सत्तेच्या धाकाच्या दिवशी, त्याच दिवशी, सांगण्याचे धैर्य न्यायासनाने दाखवावे लागते. खन्ना यांनी ते दाखविले. त्यांच्यापुढे शब्द तेच होते, जे इतर चौघांपुढे होते.