स्तनातलं इम्प्लांट : ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला का?

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं स्वस्त सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारनं सुमारे ३० हजार महिलांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला ४ वर्षांची शिक्षा झाली.

पण प्रश्न फक्त खोट्या मालाचा नाही. चांगलं इम्प्लांटही आयुष्यभर टिकेल असं नसतं. काही वर्षांनी ते फाटू शकतं, भोवतीची ऊती कडक होऊन दुखू शकतं. सिलिकॉनचं फाटलं तर बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली; त्यांचा संबंध एका दुर्मिळ कॅन्सरशी आढळला होता.

खेड्यातल्या बाईचा यात काय संबंध? कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर काहींना इम्प्लांट बसवतात. ऑपरेशन शहरात, त्रास मात्र वर्षांनंतर गावात. कागद हरवला असेल, तर कंपनी कोणती हेच सांगता येत नाही. मग माल परत मागवला तरी तिला कळणार कसं?

म्हणून डिस्चार्ज घेतानाच इम्प्लांटचं कार्ड मागा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सूज, गाठ किंवा आकारात बदल दिसला तर लाजून अंगावर काढू नका. सर्जनला दाखवा, ते सांगतील त्याप्रमाणे सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या.