हजेरीपटाबाहेरची माणसे



दसरा झाला की पिंपरीपासून चाकणपर्यंत एकच विचारणा सुरू होते : यंदा बोनस किती? कुठल्या कंपनीचा करार झाला, महापालिकेचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले का, याच्या बातम्या लोक शोधून वाचतात. घराला रंग, मुलांचे कपडे, गावाकडच्या आईचे लुगडे आणि घेतलाच तर एखादा दिवाळी अंक, सगळा हिशेब त्या एका आकड्यावर बसतो.

हा बोनस कुणी खुशीने दिलेला नाही. बोनस बंद झाला म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी जानेवारी १९२४ मध्ये संप केला आणि तो संप ते हरले. बोनस हे मालकाचे बक्षीस नसून कामगाराच्या कमाईतला राखून ठेवलेला हिस्सा आहे, हे संघटना पुढे चाळीस वर्षे सांगत राहिल्या. कायदा झाला १९६५ मध्ये. आज किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचे वेतन, हा हक्क कंत्राटी कामगारालाही आहे. पण या पट्ट्यातल्या किती कंत्राटी कामगारांच्या हातात तो पडतो? कायदा त्याच्या बाजूने आहे, पण त्या कायद्यावर बोट ठेवून बोलणारी संघटना त्याच्या बाजूला नाही. या दिवाळीला आम्हाला बोलायचे आहे ते याच उणिवेबद्दल.

पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांनी वसवलेली नगरी, आणि तिचा पाया सार्वजनिक क्षेत्राने घातला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) उभी राहिली आणि देशाचे पेनिसिलिन इथे तयार होऊ लागले. एचएची वसाहत, तिथली शाळा, तिथले मैदान हे सारे पाहिले की कायम नोकरीने माणसाला काय दिले ते कळते. मग टेल्को आली, बजाज आली, भोसरीत लघुउद्योगांच्या रांगा लागल्या. मराठवाड्यातून, साताऱ्या-सांगलीतून, खानदेशातून आलेला तरुण ‘परमनंट’ झाला की घर बांधायचा, भावाला शिकवायचा. त्या पक्केपणामागे गेटवरच्या सभा होत्या, मागणीपत्रे होती, दर तीन-चार वर्षांनी होणारा वेतनकरार होता आणि दरमहा वर्गणीची पावती होती.

लढेही झाले, आणि सगळेच जिंकले नाहीत. सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले. महिना संपता संपता पोलिसांनी त्यांना रातोरात उचलून नेले आणि संप मोडला. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यातला संप पन्नास दिवस चालला. कंपनीचे शेअर कामगारांना सवलतीत मिळावेत, अशी एक मागणी त्यात होती. तोही बिनशर्त मागे घ्यावा लागला. तरीही या हरलेल्या लढ्यांत हजारो माणसे एका नावाने उभी होती आणि व्यवस्थापनाला त्यांच्याशी बोलावे लागत होते. आज चिंता वाटते ती अशी उभी राहणारी माणसेच कमी झाल्याची.

सार्वजनिक क्षेत्रात ही ओहोटी जास्त स्पष्ट दिसते. एचएमध्ये एके काळी हजारोंनी कामगार होते. गेल्या दशकात तिथले पगार महिनोन्‌महिने थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवण्याचा आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्याचा मार्ग धरला. बीएसएनएलमध्ये तर ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८ हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. हिंजवडीपासून फार दूर नसलेला देहूरोडचा आयुध कारखाना आणि खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना ही संरक्षण कामगारांच्या चळवळीची जुनी ठाणी. या कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे नेतृत्व एस. एम. जोशींनी केले होते. जून २०२१ मध्ये वटहुकूम काढून संरक्षण उत्पादनातल्या संपाला मनाई झाली, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले.

राज्य सरकारच्या दारातही तेच. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीची वाट मोकळी केली. त्यावर इतका संताप उसळला की पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. निर्णय गेला, पण पद्धत टिकून आहे. महापालिकेच्या रस्त्यावर झाडू मारणारी बाई, दवाखान्यातला वॉर्डबॉय, कचऱ्याच्या गाडीवरचा चालक यांच्यातले किती जण आज महापालिकेच्या हजेरीपटावर आहेत आणि किती ठेकेदाराच्या, हे प्रत्येक नागरिकाने एकदा विचारून पाहावे.

अमेरिकेतही सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना अशाच आटल्या आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क सर्वांत आधी, १९५९ मध्ये, विस्कॉन्सिन राज्याने दिला. त्याच राज्याने २०११ मध्ये कायदा करून पगारातून वर्गणी कापणे बंद केले, वाटाघाटी मूळ वेतनापुरत्या उरवल्या आणि दरवर्षी मतदान घेऊन एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के आपल्या मागे असल्याचे सिद्ध करण्याची अट संघटनांवर घातली. राज्यातल्या नोकरदारांपैकी संघटनेत असलेले २०१० मध्ये १४ टक्के होते, सहा वर्षांत ते ८ टक्क्यांवर आले. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॅनस खटल्यात असा निकाल दिला की, जो सरकारी कर्मचारी सभासद नाही त्याच्याकडून, संघटनेने केलेल्या कराराचा लाभ तो घेत असला तरी, पैसे घेता येणार नाहीत. लाभ सर्वांना आणि खर्च थोड्यांना, अशी व्यवस्था झाली की वर्गणी देणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, मीच का द्यावी?

आपल्याकडे वर्गणी सक्तीची कधीच नव्हती. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सभासद नसलेल्यालाही लागू होतो, तरी युनियन टिकली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्याने तिला आधार दिला. सहा महिने सलग ३० टक्के कामगार सभासद असतील तर मान्यता मिळे, आणि मान्यता मिळाली की कारखान्याच्या आवारात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा, कामगारांशी बोलण्याचा हक्क मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तर, एकटीने वाटाघाट करण्यासाठी हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार मागे असावे लागतात. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जाईल. कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभर कामगारांपासून होते, ते आता तीनशेपासून आहे.

हा शेवटचा बदल या भागाला सर्वांत जास्त भोवेल. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातले उत्पादन थांबवले तेव्हा कारखाना बंद करण्यासाठी कंपनीला सरकारकडे अर्ज करावा लागला आणि त्या अर्जाविरुद्ध कामगारांची युनियन उभी राहू शकली. भोसरीत, चाकणला, म्हाळुंग्याला मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे शंभर ते तीनशे कामगारांचे कितीतरी कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला आता तेवढीही उसंत मिळणार नाही.

पण सगळा दोष कायद्यावर टाकून आम्हाला थांबता येत नाही. संघटना आटली याचे मूळ हजेरीपटात आहे. यंत्रावर परमनंट, कंत्राटी, ट्रेनी आणि ॲप्रेंटिस शेजारी शेजारी एकच काम करतात. पटावर मात्र एकाचेच नाव असते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या प्रकरणांत सांगितले की मूळ मालकाशी नोकरीचे नाते आधी सिद्ध झाल्याशिवाय कंत्राटी कामगाराला त्याच १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथांविरुद्ध दाद मागता येणार नाही. ही भिंत उभी राहत होती तेव्हा बहुतेक युनियनांनी आतल्या माणसांचा करार चांगला करून घेण्यात समाधान मानले. करारागणिक परमनंट कामगाराचा पगार वाढत गेला आणि त्याच्या निवृत्तीनंतर ती जागा कंत्राटात गेली. आज त्या युनियनांकडे चांगला करार आहे, पण पुढची पिढी नाही.

नेतृत्वावरचा विश्वास तुटला की काय होते, ते २०२१-२२ च्या एसटी संपाने दाखवले. महामंडळात दोन डझनांहून अधिक संघटना असताना, शासनात विलीनीकरण हवे म्हणून निघालेले कर्मचारी साऱ्या प्रस्थापित संघटनांना बाजूला सारून पाच-सहा महिने संपावर राहिले. वल्लभनगरच्या आगारात गाड्या उभ्याच होत्या. विलीनीकरण झाले नाही आणि अखेर उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत ते कामावर परतले. ज्यांचे कुणी ऐकले नाही त्यांनी आपल्याच संघटना सोडल्या, आणि संघटना सोडल्यावर त्यांच्या वतीने तडजोड करणारेही कुणी उरले नाही.

आता हिंजवडी. माण, मारुंजी, हिंजवडीच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले तेव्हा इथे युनियनची गरज नाही, असे मानले गेले. इथला माणूस शिकलेला, पगार चांगला, नोकरी बदलायला मोकळा. पण जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असल्याचे जाहीर केले आणि साऱ्या पार्कात धास्ती पसरली. नोकरी जाताना इथे प्रत्येक जण एकटा असतो. एका बंद खोलीत एचआरची दोन माणसे समोर बसतात, राजीनाम्याचा मसुदा तयार असतो आणि विचार करायला तासाभराची मुदत मिळते. घराचा हप्ता, मुलांची शाळा, आईवडिलांचे औषधपाणी हे सारे डोक्यात घेऊन तो सही करतो. ‘मी मॅनेजमेंटचा माणूस’ हा समज त्याने तोवर जपलेला असतो. कायदा तसे म्हणत नाही. तांत्रिक काम करणारा माणूस कितीही पगार घेत असला तरी कामगार ठरू शकतो. वेतनाची मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्यांना. नाइट्ससारखी पुण्यातली संघटना आयटीतल्या लोकांच्या तक्रारी घेऊन कामगार मंत्रालयापर्यंत जाते आहे. तिच्या हाकेला जितक्या सह्या मिळतील तितकेच तिचे वजन असेल.

त्याच पार्काच्या दाराशी सुरक्षारक्षक उभा आहे, आत सफाई करणाऱ्या बायका आहेत, कँटीनची पोरे आहेत, रात्री मुलींना घरी सोडणारे कॅबचालक आहेत. अभियंता आणि रखवालदार यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी, उद्यापासून येऊ नका, असे सांगितल्यावर जायचे कुणाकडे, हा प्रश्न दोघांचा एकच आहे.

याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधलेले आहे. आज या आडतीवर, उद्या त्या गोदामात ओझे वाहणाऱ्या हमालाला ठरलेला मालक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार, मालक आणि सरकार यांचे मंडळ नेमले, हमालाची नोंद मंडळाकडे केली आणि मजुरी, भविष्यनिधी, बोनस मंडळामार्फत मिळण्याची सोय केली. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठी असाच कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत उभी राहिली. या बायकांना कुणी नोकरीच दिलेली नव्हती, त्यांचे नाव कुठल्याच पटावर नव्हते. तरी त्यांनी वर्गणी भरली, ओळखपत्रे मिळवली आणि पुणे महापालिकेला आपल्याशी करार करायला लावला. कचरा वेचणाऱ्या बायकांना जे जमले, ते चाकणच्या कंत्राटी फिटरला आणि हिंजवडीच्या अभियंत्याला जमणार नाही, असे आम्ही मानत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सभासदत्वाची मोजणी हजेरीपटावरून होत राहिली तर संघटना पटाबरोबर संपेल. सभासद ठरावा तो कामावरून आणि भागावरून. या पट्ट्यात कुठेही, कुणाच्याही ठेक्यावर काम करणाऱ्याला एकाच पावतीवर सभासद होता यावे. आणि सार्वजनिक सेवेतले कायमचे काम कायम माणसानेच करावे, हे मागण्याची जबाबदारी त्या सेवेवर जगणाऱ्या आपणा नागरिकांचीही आहे.

नारायण मेघाजी लोखंडे मूळचे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० पासून, कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. सुट्टी मिळवायला संघटना लागली होती, तास राखायलाही तीच लागेल.



परमनंट कामगार मित्रांनो, पुढचे मागणीपत्र लिहाल तेव्हा पहिली मागणी शेजारच्या कंत्राटी कामगाराची लिहा आणि त्याला सभासद करून घ्या. हिंजवडीतल्या मित्रांनो, नोकरी शाबूत आहे तेव्हाच संघटनेची वर्गणी भरा; सहीची वेळ आल्यावर फार उशीर झालेला असतो. आणि ज्यांच्या घरी सफाई कामगार, रखवालदार, चालक येतात त्या सर्वांनी या दिवाळीत त्यांना विचारा, तुम्हाला बोनस मिळाला का? नसेल मिळाला, तर तो मागताना त्यांच्या सोबत उभे राहा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा!

— संपादक