शेवटच्या पाठाला परीक्षा कोणाची?

बी.एड.चा शेवटचा पाठ म्हणजे आपल्याकडे एक छोटासा सोहळाच असतो. लख्ख पुसलेला फळा, भिंतीवर रंगीत तक्ते, पाठटाचणात ओळीने मांडलेली हर्बार्टची पंचपदी आणि मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक. मुलांना उत्तरे बहुधा आधीच ठाऊक असतात. बिचारी गुरुजींची लाज राखतात. तास संपतो, गुण पडतात आणि एक पदवीधर शिक्षक होऊन बाहेर पडतो. उमेदवार कसा बोलला हे यातून कळते. मुले काय शिकली, हे कोणी विचारीत नाही.

आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना हा भेद लवकर उमगतो. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मी पाहिले आहे, की मैफल जिंकणारा प्रत्येक गवई तालीम देऊ शकतोच असे नाही. परीक्षेत यमन उत्तम मांडणारा विद्यार्थी बेसूर पोराचा षड्ज जागेवर कसा आणावा, या प्रश्नापुढे गप्प होतो. आपल्या कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे संगीतशिक्षक घडविण्यासाठी त्यांनी निराळा उपदेशक वर्ग चालविला. गाणे आणि शिकविणे ही दोन कामे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील आंतरवासिता वीस आठवड्यांची केली. हे योग्यच झाले. पण एवढ्या तालमीचे मोल वह्या, सह्या आणि एका तासाच्या देखाव्यावर ठरणार असेल, तर साधले काय?

बेळगाव-निपाणीकडे हा प्रश्न अधिक नाजूक होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरआखणी झाली; त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. कलम प्राथमिक वर्गांपुरते असले, तरी त्यातले मर्म वरच्या वर्गांनाही लागू आहे. सोय म्हणजे केवळ इमारत नव्हे. मूल कोणत्या शब्दाला अडले, हे ओळखणारा शिक्षक हवा. निपाणीची एखादी मुलगी मराठी वर्गावर पाठ घेते आणि परीक्षकाला त्या मुलांची भाषाच येत नसेल, तर तो पाहणार काय? फळ्यावरचे अक्षर आणि आवाजाची पट्टी! कानडी वर्गावर बसलेल्या मराठी परीक्षकालाही हाच न्याय लावावा. यात भाषाभिमानाचा प्रश्न नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली कानडी घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांना मराठी रसिकांनी डोक्यावर घेतलेच की! स्वर कळायला भाषा लागत नाही; मुलाची शंका कळायला मात्र लागते.

म्हणून सुचवावेसे वाटते, की परीक्षकाने एकाच वर्गावर आठवड्याच्या अंतराने दोनदा जावे. पहिल्या खेपेस मुलांना काय येत नाही ते पाहावे, दुसऱ्या खेपेस काय आले ते पाहावे. मागे पडणाऱ्या दोन-तीन मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलावे. तक्ते नसले तरी चालतील. परीक्षकाची एक खेप वाढेल, तेवढा खर्च विद्यापीठांनी सोसावा. तोच शिक्षक पुढे तीस वर्षे वर्गावर उभा राहणार आहे.