घरगुती शास्त्र : मोटारीचे पिवळे पडलेले दिवे

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्या लिहितात कीं, त्यांचे मामंजी सत्तरी उलटल्यावरही स्वतः मोटार चालवीत. परंतु गेल्या पावसाळ्यापासून त्यांनीं रात्रीं चालविण्याचें सोडून दिलें आहे. रस्ता नीट दिसत नाहीं, अशी त्यांची तक्रार. नेत्रवैद्यांस दाखविलें, मोतीबिंदू पूर्वींच काढलेला, दृष्टि वयाच्या मानानें उत्तम असें ठरलें. तरी मामंजी आपल्याच डोळ्यांस दोष देतात, आणि घरांतील मंडळी संकोचानें त्यावर कांहीं बोलत नाहींत. पत्राच्या शेवटीं सहज म्हणून एक वाक्य आहे : "मोटार अकरा वर्षांची असून तिचे पुढील दिवे पिवळट झाले आहेत, ते स्वच्छ करण्याचा कांहीं घरगुती उपाय असल्यास कळवावा."

आमच्या मतें या पत्रांतील मुख्य गोष्ट त्या शेवटच्या वाक्यांतच आहे.

आपल्या दर्शनग्रंथांत भ्रमाचें एक ठराविक उदाहरण देतात. कावीळ झालेल्या मनुष्यास पांढरा शंख पिवळा दिसतो. दोष शंखांत नसून पाहणाराच्या नेत्रांत असतो. येथें नेमका उलट प्रकार झाला आहे. नेत्र शुद्ध आहेत, पिवळेपणा बाहेरच्या वस्तूंत आहे, आणि तरीही मनुष्य नेत्रांसच बोल लावतो. याचें कारण असें कीं, दिव्यांची मंदता एका रात्रींत येत नाहीं. ती वर्षानुवर्षें कणाकणानें वाढते, आणि रोज त्याच मोटारींत बसणारास कालच्याहून आज उजेड कमी आहे हें कळण्याचा मार्गच नसतो. अमेरिकेंतील ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संस्थेनें २०१८ सालीं केलेल्या परीक्षणांत असें आढळलें कीं, फार धुरकटलेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या मानानें सुमारें पंचमांशच प्रकाश बाहेर पडतो.

वयाचा यांत मुळींच भाग नाहीं असें मात्र नव्हे. उतारवयांत डोळ्याची बाहुली अंधारांत पूर्वीइतकी विस्फारत नाहीं. म्हणून तरुणास पुरणारा उजेड वृद्धास पुरत नाहीं. दिवे मंदावल्याची पहिली झळ घरांतील वडील माणसांस लागते ती यामुळेंच. पंचविशींतला पुतण्या त्याच दिव्यांवर खुशाल मोटार हांकतो आणि म्हणतो, "काका, मला तर सगळें दिसतें !" तो खोटें बोलत नाहीं; पण काळोखांत रस्त्यावर बसलेलें गुरूं त्यालाही उशिराच दिसणार आहे. तेव्हां मामंजींची तक्रार हा वार्धक्याचा बाऊ न समजतां घरांतील सर्वांस वेळीं मिळालेली सूचना समजावी, हें उत्तम.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारीं होती त्यांस आठवत असेल कीं, त्यांचे वाटोळे दिवे कांचेचे असत. कांच फुटे, परंतु पिवळी पडत नसे. अमेरिकेंत तर १९४० पासून ठराविक आकाराचे मोहोरबंद कांचेचे दिवेच सक्तीचे होते. तो नियम १९८३ सालीं सैल झाला. तोंवर प्लॅस्टिकाची तयारी झालेली होती. १९५३ मध्यें जर्मनींत हर्मन श्नेल यांनीं आणि जवळजवळ त्याच वेळीं अमेरिकेंत डॅनियल फॉक्स यांनीं, एकमेकांस न कळतां, पॉलिकार्बोनेट नांवाचें पारदर्शक प्लॅस्टिक शोधून काढलें. तें कांचेहून वजनानें निम्में, दगड लागला तरी सहसा न फुटणारें, आणि सांच्यांत घातल्यास हवा तो आकार घेणारें. कारखानदारांस आणखी काय हवें होतें ?

पण या प्लॅस्टिकांत दोन उणिवा आहेत. तें कांचेपेक्षां मऊ असल्यामुळें त्यावर ओरखडे लवकर उठतात. आणि सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांनीं त्याच्या रेणूंची घडण बिघडून तें पिवळें पडतें. म्हणून कारखान्यांतच त्याच्या बाहेरील अंगास एका कठीण, पारदर्शक रोगणाचा अत्यंत पातळ लेप देतात. हा लेप किरणांस अडवितो, आणि अडवितां अडवितां स्वतः झिजतो. कांहीं वर्षांनीं त्यास बारीक भेगा पडतात, तो ठिकठिकाणीं सुटूं लागतो, आणि त्याखालचें प्लॅस्टिक उघडें पडतें. पुष्कळदां एक दिवा दुसऱ्याहून अधिक पिवळा असतो. ज्या बाजूस मोटार रोज उन्हांत उभी असते ती बाजू बहुधा त्यावरून ओळखतां येते. सारांश, आपण ज्यास मळ समजतों तो मळ नव्हे. तें मेलेलें कवच आहे, आणि साबणानें धुऊन तें कधींही जाणार नाहीं.

आतां परीक्षा. दिवा स्वच्छ धुऊन कोरडा करावा आणि मग त्यावर पाण्याचा हात फिरवावा. ओला असेपर्यंत तो एकदम स्वच्छ दिसला आणि वाळतांच पुन्हां धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या अंगास आहे व घरीं दुरुस्त होण्यासारखा आहे. याचें कारण शाळेंत शिकविलेल्या वक्रीभवनाच्या धड्यांतच आहे. खरबरीत पृष्ठभागावर हवा असतां प्रकाश वाटेल तसा विखुरतो. तीच खांचखळग्यांत पाणी भरलें म्हणजे विखुरणें पुष्कळ कमी होतें. (पॉलिकार्बोनेटाचा वक्रीभवनांक सुमारें १.५८, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळजवळ १.) खरबरीत तावदानावर पाणी लावलें कीं पलीकडचें दिसूं लागतें, तोच हा चमत्कार. पाणी लावूनही धुरकटपणा तसाच राहिला तर तो आंतून आहे. किंवा आंतील परावर्तक काळवंडला आहे. किंवा प्लॅस्टिकांत खोल तडे गेले आहेत. अशा दिव्यावर श्रम करूं नयेत, तो बदलावा.

या परीक्षेवरून एक लबाडीही ध्यानांत येईल. जुनी मोटार विकणारे कित्येक लोक गिऱ्हाईक येण्यापूर्वीं दिव्यांवर तेलाचा किंवा तकतकीत मेणाचा हात फिरवितात. तेल पाण्यासारखें लौकर वाळत नाहीं, एवढाच काय तो फरक. वापरलेली मोटार घेतांना दिवे अगोदर साबणानें धुवून पाहण्यास लाजूं नये.

दांत घांसण्याच्या पेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो अगदींच खोटा नाहीं. पेस्टमध्यें खडूसारखी किंवा वाळूच्या जातीची अतिबारीक भुकटी असते. धुरकटपणा नुकताच सुरू झाला असेल तर तिनें तो कमी होतो. पण जुन्या पिवळेपणापुढें तिचें कांहीं चालत नाहीं, आणि चाललें तरी उघड्या प्लॅस्टिकास नवें कवच मिळत नसल्यामुळें कांहीं आठवड्यांतच तो परत येतो. डांस पळविण्याचें औषध लावणें, पेट्रोल किंवा थिनरनें पुसणें, हे उपाय मात्र सर्वथा वर्ज्य समजावेत. डांसांच्या पुष्कळ औषधांत डीट नांवाचें द्रव्य असतें. तें प्लॅस्टिकाचा वरचा पापुद्रा विरघळवितें, म्हणून क्षणभर चकाकी येते. पुढें त्याच ठिकाणीं जाळीदार तडे जातात आणि मग दुरुस्तीची वाटच बंद होते.

आणखी एक चुकीचा मार्ग म्हणजे अधिक शक्तीचा बल्ब बसविणें. साध्या हॅलोजन दिव्यांत सामान्यतः ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्या जागीं १००/९० वॅटचा घालून घेणारे पुष्कळ आहेत. धुरकट झांकणांतून तो जादा प्रकाश रस्त्यावर न पडतां चोहोंकडे फांकतो आणि समोरून येणारास आंधळें करतो. शिवाय उष्णतेनें आंतील परावर्तक आणि बल्बाची बैठक जळते ती वेगळीच.

आतां कृति. दोन्ही दिव्यांस मिळून तीन तास धरावेत. दिवस कोरडा असावा, जागा सावलीची. दिवे साबणानें धुवून सभोंवारच्या रंगावर कागदी चिकटपट्टी दुहेरी लावावी. घाईच्या हातून रंग खरवडला गेला तर दिव्याच्या दुरुस्तीपेक्षां त्या रंगाचीच दुरुस्ती महाग पडते. पाण्यांत भिजवून वापरण्याचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानांत मिळतो. त्याच्या पाठीवर अंक असतो; अंक जितका मोठा तितका कागद बारीक. जुना लेप सोलून निघत असेल तर ६०० किंवा ८०० पासून आरंभ करावा, एरवीं १००० पासून. नंतर १५००, २००० आणि शेवटीं ३०००. कागद पाण्यांत दहा मिनिटें भिजूं द्यावा, पाण्यांत साबणाचे दोन थेंब टाकावेत, आणि दिवा सतत ओला ठेवावा. कोरडें घांसूं नये.

पहिल्या घांसण्याकडे विशेष लक्ष द्यावें, कारण सर्व यश त्यावर अवलंबून आहे. आरंभीं दिव्यावरून पिवळसर गढूळ पाणी वाहतें. तें जुनें रोगण होय. घांसतां घांसतां पाणी पांढऱ्या दुधासारखें येऊं लागलें म्हणजे रोगण संपून शुद्ध प्लॅस्टिक लागलें असें समजावें. एखाद्या कोंपऱ्यांत पिवळें पाणी येत असतांना कंटाळून पुढचा कागद घेतला, तर तो डाग अखेरपर्यंत राहतो. या वेळीं दिवा पूर्वींपेक्षांही वाईट, अगदीं ताकासारखा दिसतो. कित्येकजण येथेंच घाबरतात. घाबरण्याचें कारण नाहीं.

पुढचा प्रत्येक कागद मागच्याशीं काटकोनांत चालवावा : एक आडवा, तर दुसरा उभा. त्यामुळें मागचे ओरखडे गेले कीं नाहीं हें डोळ्यांस स्पष्ट दिसतें. दर कागदानंतर दिवा व हात धुवावेत. जाड कागदाचा एक कणही बारीक कागदाखालीं सांपडला तर खोल रेघ उमटते. शेवटीं रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन दिवा स्वच्छ होईपर्यंत चोळावा. विजेच्या यंत्रानें हें काम लौकर होतें, पण एका जागीं यंत्र थांबल्यास प्लॅस्टिक तापून मऊ पडतें. नवशिक्यानें हातानेंच करावें.

इतकें झालें कीं दिवा नव्यासारखा दिसतो, घरांतील सर्व मंडळी अंगणांत येऊन कौतुक करतात, आणि बहुतेक लोक येथेंच थांबतात. आमचें सांगणें असें कीं, येथें थांबणें म्हणजे काम न करण्याहून वाईट. पूर्वीं झिजकें कां होईना, कवच होतें. आतां तें आपण आपल्या हातानें पूर्ण काढून टाकलें आहे. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत असा दिवा पुन्हां पिवळा पडतो. म्हणून त्याच दिवशीं, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत पाणी मिसळून त्यानें दिव्यावरील तेलकटपणा पुसून, अतिनील किरण अडविणारें रोगण लावलेंच पाहिजे. दिवे दुरुस्तीच्या तयार संचांत फडक्यानें लावण्याजोगें असें रोगण मिळतें. संच घेतांना तें त्यांत आहे ना, हें प्रथम वाचावें. नसल्यास तो संच म्हणजे केवळ महाग दंतमंजन. रोगण पातळ, एका दिशेनें, हात न उचलतां लावावें, आणि वेष्टनावर सांगितलेला वेळपर्यंत त्यास धूळ व पाणी लागूं देऊं नये. दुसरा मार्ग पारदर्शक संरक्षक पापुद्रा चिकटविण्याचा, तोही चांगला. नुसतें मेण लावल्यास तें दर एक-दोन महिन्यांनीं पुन्हां लावण्याची तयारी ठेवावी.

दोन द्रव मिसळून फवारण्याचें कठीण रोगण सर्वांत टिकाऊ असतें. परंतु त्यांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात व तीं श्वासावाटे फुफ्फुसांस अपाय करतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाहीं. जेथें मुलेंबाळें वावरतात तेथें तें फवारूं नये, मोटारी रंगविणाऱ्या कारागिराकडून करवून घ्यावें.

फळ किती मिळेल ? वर सांगितलेल्या परीक्षणांत दुरुस्त केलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारें ७० टक्क्यांवर आला होता. नव्या दिव्यांची बरोबरी होत नाहीं, हें खरें. पण पंचमांशावरून सत्तर टक्के हा लाभ एका दुपारच्या श्रमांस थोडा नव्हे. तथापि ज्यांस वरचेवर घाटांतून रात्रींचा प्रवास पडतो आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनीं कारखान्याचेच नवे दिवे बसवावेत, असेंच आम्ही सांगूं.

उजेड परत आला म्हणजे तो पडतो कोठें हेंही पाहावें, कारण धुरकट दिव्यांत ही चूक लपून राहते. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटरांवर मोटार उभी करून खालचा झोत लावावा. त्याची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षां सुमारें १० सेंटीमीटर खालीं असावी आणि डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, किंचित् चढती असावी. आपल्या एकत्र कुटुंबांची मोटार पुष्कळदां भरगच्च असते. मागें सामान आणि माणसें बसलीं कीं मागील बाजू दबते व झोत वर जाऊन समोरच्यांच्या डोळ्यांत शिरतो. पुष्कळ मोटारींत चक्राजवळ ० पासून ३ पर्यंत अंक असलेली एक चकती असते, ती याचसाठीं. मोटार भरलेली असतां ती वरच्या अंकावर फिरवावी, आणि मंडळी व सामान उतरल्यावर पुन्हां शून्यावर आणावी.