परक्या गावातली खोली आणि ओळखीचं भाडं

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने केली, त्याला परक्या देशात भाड्याचं घर शोधायची वेळ आली नसावी. बांधताना निदान जमीन आपली असते, गवंडी ओळखीचा असतो आणि भांडायला भाषा असते. परदेशात भाड्याचं घर शोधणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. तिथे विटा-चुन्याला फारशी किंमत नाही, किंमत आहे ओळखीला. ती नसेल तर खिशात पैसे असूनही माणूस दारातच उभा राहतो.

हा विषय आपल्या दारातला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या मुला-नातवंडांनाही नोंदणीची वाट मोकळी आहे. त्या वाटेने सासष्टी, बार्देस, तिसवाडीतली किती घरं रिकामी झाली ते गावात फिरलं की दिसतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे लिस्बनचा पासपोर्ट हाती आला की भारताचा सोडावा लागतो. म्हणजे हा माणूस इंग्लंडात परका, पोर्तुगालात कागदावर स्वकीय पण भाषेने परका, आणि गोव्यातसुद्धा 'ओसीआय' कार्डावर आलेला पाहुणा. अशा माणसाने राहायचं कुठे?

आधी इंग्लंड घेऊ, कारण स्विंडन हे नाव आता आपल्याकडे म्हापशाइतकंच सहज घेतलं जातं. तिथे २०१६ पासून घरमालकाला भाडेकरूचे कागद तपासावे लागतात. माणसाला त्या देशात राहायचा हक्क आहे की नाही, हे घर देण्यापूर्वी बघायचं काम सरकारने मालकाच्या गळ्यात घातलं. चुकलं तर दंड. २०२४ च्या फेब्रुवारीपासून हा दंड पहिल्या खेपेला माणशी १०,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा चुकल्यास २०,००० पौंडांपर्यंत गेला आहे. आता मालकाच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवा. दारात दोन भाडेकरू आले आहेत. एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. दुसऱ्याचं नाव फर्नांडिस किंवा नाईक, पासपोर्ट पोर्तुगालचा, जन्म मडगावचा, आणि हक्क एका संकेतस्थळावर सांकेतिक क्रमांक घालून बघायचा. मालक दुष्ट नसला तरी पहिल्यालाच घर देईल. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं, की या नियमामुळे परक्यांशी भेदभाव होतो. २०२० मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव होतो हे मान्य केलं, पण कायदा बेकायदा नाही असा निकाल दिला. म्हणजे दुखणं खरं ठरलं, औषध मात्र मिळालं नाही.

दुसरी अडचण जामिनाची. पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचं पत्र, बँकेची पत आणि वर एक जामीन, तोही इंग्लंडातच राहणारा आणि चांगल्या मिळकतीचा. परवा विमानातून उतरलेल्याने हे सगळं आणायचं कुठून? आजवर लोक त्यावर एक तोड काढत. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजायचं आणि मालकाचं तोंड बंद करायचं. २०२५ साली तिथे भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर झाला. कारण न देता घर खाली करायला लावायची मुभा त्याने काढून घेतली, ही फार चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ घ्यायलाही मनाई केली. हेतू गरिबाच्या भल्याचा आहे. परक्याच्या हातातलं एकमेव हत्यार मात्र त्यात गेलं. जामिनाचं महत्त्व यापुढे वाढणारच.

लिस्बनची कथा वेगळी, शेवट तोच. तिथे १९४८ पासून सालाझारच्या राजवटीत जुन्या घरांची भाडी गोठलेली होती. मुंबईच्या पागडीच्या चाळींसारखीच गत, भाडं नाममात्र आणि छप्पर गळकं. २०१२ साली कर्जबाजारी सरकारने धनकोंच्या दबावाखाली भाड्याचा कायदा सैल केला. त्याच वर्षी घर विकत घेणाऱ्या परदेशी श्रीमंतांना राहण्याचा परवाना द्यायची 'गोल्डन व्हिसा' योजना आली. मग पर्यटकांच्या खोल्या आल्या, घरून काम करणारे परदेशी आले. जुन्या वस्त्या रंगल्या आणि जुने भाडेकरू शहराबाहेर गेले. २०२३ मध्ये सरकारने घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा बंद केला, पण तोवर भाडी पोर्तुगीज मास्तरांच्या आणि नर्सच्याही आवाक्याबाहेर गेली होती. तिथेही मालक 'फियादोर' मागतो, म्हणजे जामीनच. आणि परक्याला फियादोर कुठला?

ज्याला दार उघडत नाही तो कुठे जातो, याचं उत्तर २०२३ च्या फेब्रुवारीत मिळालं. लिस्बनच्या मोरारिया भागात एका जुन्या इमारतीला आग लागली. खोल्यांत दाटीवाटीने स्थलांतरित मजूर राहत होते. दोन भारतीय मेले. त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा होता. स्वस्त खोलीची खरी किंमत कधीकधी अशी वसूल होते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. परक्याला घर मिळत नाही असं नाही. मिळतं, पण 'आपल्या माणसा'कडून. गाववाला आधी आलेला असतो, त्याच्या नावावर घर असतं, तो एक खोली देतो, कधी खोलीतला एक पलंग. पहिल्या रात्रीचं गरम जेवणही तोच देतो. या उपकाराला मी कमी लेखत नाही. पण महिने जातात आणि उपकाराचा धंदा होतो. भाडं रोखीने द्यायचं, पावती नाही, करार नाही. बरं, कायद्याचं संरक्षण? इंग्लंडात रीतसर भाडेकरूची अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते. पण घर देणारा स्वतः त्याच घरात राहत असेल तर अनामत योजनेत ठेवण्याचा हा नियम लागूच होत नाही. म्हणजे अनोळखी इंग्रज मालकाकडे पैसे सुरक्षित आणि गाववाल्याकडे वाऱ्यावर. शिवाय कागद नसला की पत्ता सिद्ध होत नाही, आणि पत्ता नसला की पुढचं घर मिळत नाही. आपलाच माणूस आपल्याला कायमचा आपल्यावर अवलंबून ठेवतो, बहुधा नकळत.

इथे हमखास कोणीतरी मुंबईच्या कुडींची आठवण काढतं. 'आमच्या पूर्वजांनी कशी कूड काढली, गाववाल्याने गाववाल्याला कसं सांभाळलं.' आठवण खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. कूड म्हणजे कोंकणीत खोली. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गावोगावच्या ख्रिस्ती गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने या कुडी चालवल्या. बोटीवर जाणारा तांडेल, बॅण्डमध्ये वाजवणारा, आचारी, नोकरीच्या शोधात आलेला पोरगा, सगळ्यांच्या पेट्या तिथे भिंतीला लावलेल्या. संध्याकाळी वेदीपुढे तेर्स. हिंदू गोवेकरांना ही सोय नव्हती. त्यांची भिस्त गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या काका-मामांवर.

पण कूड स्वस्त का होती? गाववाल्यांच्या मायेमुळे म्हणावं तर माया गिरगावच्या मामाकडेही होती, आणि तिथे भाच्याला मामीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत राहावं लागे. कूड स्वस्त होती कारण ती कोणा एकाची नव्हती. जागा गावाच्या मंडळाकडे, सभासद ठरलेले, वर्गणी ठरलेली, हिशेबाची वही ठेवलेली, नियम सगळ्यांना सारखे. तिथे राहणारा उपकृत नसे, सभासद असे. हा फरक फार मोठा आहे. आज स्विंडन-साऊथॉलमध्ये आपण कुडीतली गर्दी तेवढी नेली आणि वही गोव्यातच विसरलो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परदेशात गावागावांची मंडळं आहेत. गावचं फेस्त साजरं होतं, फुटबॉलचे सामने होतात, तियात्राचे दौरे येतात, काही ठिकाणी गणपतीही बसतो. यातल्या प्रत्येक मंडळाने सणाच्या खर्चातला एक हिस्सा बाजूला काढून जामीन निधी उभारावा. नव्या माणसासाठी पहिल्या वर्षापुरतं मंडळाने जामीन राहावं. ही कल्पना स्वप्नातली नाही. काही ब्रिटिश विद्यापीठं आपल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी अशीच जामीन राहतात. विद्यापीठाला जमतं ते शंभर पगारदार गाववाल्यांना का जमू नये? पोरगा पळाला तर, हा प्रश्न कोणीही विचारेल. पळणारे असतातच. पण गाव एक असेल तर पळणाऱ्याचं घर कुठल्या वाड्यावर आहे हे मंडळाला ठाऊक असतं. बँकेकडे एवढी पक्की माहिती नसते.

आणि जो जाणार आहे त्याच्यासाठी एकच गोष्ट. गाववाल्याच्या घरात पहिले काही आठवडे जरूर राहा, पण पहिल्या दिवसापासून भाडं बँकेतून द्या आणि दोन ओळींचा का होईना, कागद करून घ्या. लिहून मागितल्याने मैत्री तुटत नाही. जी तुटते ती मैत्री नव्हती, भाडं होतं.

आता जरा आरसा आपल्याकडे वळवू. परदेशी घरमालकाने 'तू कुठला' विचारलं की आपला अपमान होतो. गोव्यात आपण काय करतो? नवरा-बायको सरकारी नोकरीत आहेत का, मांसमच्छी चालते का, आडनाव काय, 'भायले' तर नाहीत ना? करार अकरा महिन्यांचाच, कारण वर्षावर गेलं की नोंदणी लागते. बिजापूरहून आलेला गवंडी आपलं घर बांधतो आणि स्वतः पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याच वाड्यावर स्विंडनला गेलेल्यांची तीन घरं कुलूप लावून पडलेली असतात.

कुलपामागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या हजारोंना डोक्यावर हक्काचं छप्पर दिलं. तो न्यायच होता. पण घर दिलं की घर गेलं, ही धास्ती तेव्हापासून गोव्याच्या मनात मुरली. मुंडकार वेगळा आणि आजचा लेखी करार करून आलेला भाडेकरू वेगळा, हे आपण समजून घेतलं नाही. परिणाम असा की घर एक तर बंद राहतं, नाही तर पर्यटकाला रात्रीच्या दराने जातं. गावच्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षिकेला वर्षभरासाठी खोली मिळत नाही.

लिस्बनला काय झालं ते आपण पाहिलं. जी वस्ती पाहुण्यांसाठी सजली ती रहिवाशांसाठी संपली. गोव्याची वाट त्याच उताराची आहे. परदेशातल्या गोवेकराने आपलं बंद घर एखाद्या नर्सला, मास्तरला, गवंड्याच्या कुटुंबाला नीट लेखी करार करून, पोलिसांकडे रीतसर माहिती देऊन, परवडेल अशा भाड्याने दिलं, तर घरात दिवा लागेल, भिंतीला ओल धरणार नाही आणि दरमहा चार पैसेही येतील. तिकडे आपल्याला जसा मालक हवा असतो, तसा मालक इकडे होणं आपल्या हातात आहे. त्यासाठी कुठलाही पासपोर्ट लागत नाही.