आधी कागद, मग मूळ पुरुष

गेल्या काही वर्षांत आपल्या सीमाभागातील जुन्या घराण्यांत वंशावळीचा उत्साह बराच वाढला आहे. मुलगा पुण्यास, नात परदेशी, आणि आजोबा निपाणीत संगणकासमोर बसून मूळ पुरुषाच्या शोधात, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. या उत्साहास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्याच्या उलट्या चालीस. आधी चौकटी आखल्या जातात आणि मग त्या भरण्यासाठी नावे हुडकली जातात. रिकामी चौकट डोळ्यांत खुपते, म्हणून ती कशीही भरली जाते. आमचे म्हणणे इतकेच की, आरंभ माणसापासून न करता कागदापासून करावा.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आमच्या चुकीने मिळवून दिला आहे. घरातील एका टाचणात 'रामाजी बिन बाळाजी' असे नाव होते. एका जुन्या खतात तेच नाव दिसताच आम्ही हर्षभराने ते चौकटीत बसवले. खत कोणाकडे पाहिले, त्याची मिती कोणती, काहीही टिपून ठेवले नाही. पुढे दुसऱ्या एका कागदाशी ताडून पाहता ध्यानात आले की, आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे रामाजी बिन बाळाजी दोन झाले होते. एक आजा, दुसरा नातू. दोघांना एक करून आम्ही घराण्याच्या दोन पिढ्या पुसून टाकल्या होत्या. आयुष्यभर हाताखालच्यांच्या टिपणीवर 'आधार काय?' असा शेरा मारणाऱ्या आमच्या हातून हे घडले! तोवर त्या वंशावळीच्या प्रती भाऊबंदांत वाटून झाल्या होत्या. दोन घरांच्या दिवाणखान्यांत ती आजही तसबिरीत टांगलेली आहे, आणि ती उतरवण्यास कोणी तयार नाही.

वास्तविक मराठी माणसास हा धडा नव्याने घेण्याचे कारण नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले, ते बावीस भरले. त्या नावात इतिहास आहे, परंतु प्रकाशन साधनांचे आहे. आधी अस्सल कागद जसाच्या तसा लोकांपुढे ठेवावा, अनुमान मागाहून करावे, हा त्यातील दंडक. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे काम याच वाटेने चालत आले. राष्ट्राच्या इतिहासास जी शिस्त आपण मान्य केली, ती घराण्याच्या इतिहासास मात्र जाचक वाटावी, याचे आम्हांस नवल वाटते.

आपल्या भागात तर या शिस्तीवाचून गत्यंतरच नाही. बेळगावास लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. म्हणजे हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या दोन भावांचे कागद दोन वेगळ्या दरबारांचे. निपाणीच्या आसपासची कित्येक गावे कोल्हापूर दरबाराच्या अमलातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापुरास जोडला गेला. इनामाचे दप्तर पुण्यास, संस्थानी कागद कोल्हापुराकडे, जुना फेरफार मराठीत, त्याच जमिनीचा आजचा उतारा कानडीत, आणि २०१४ पासून खुद्द गावाचे सरकारी नावही निराळे. उतारा मराठीतून कानडीत व कानडीतून पुन्हा इंग्रजीत गेला की आडनावाचे काय होते, हे वारसा लावताना ज्याने चपला झिजवल्या त्यास विचारावे. अशा ठिकाणी केवळ 'आमचे पणजोबा अमुक' असे लिहून भागत नाही. कोणत्या कागदात, कोणत्या लिपीत, कोणत्या अक्षरांनी ते नाव आले आहे, हे लिहावे लागते.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची लिखित वंशावळ आहे, आणखी पुरावा कशास? आम्ही विचारतो, ती लिहिली कधी आणि कोणासाठी? १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा इनाम टिकवण्यासाठी वंशावळी दाखल करणे भाग पडले. १८७४च्या वतन कायद्यानंतर वतनाच्या हक्कासाठी हेच घडले. सरकारदरबारी काही सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या कागदात दत्तक झाकला जाणे, गैरसोयीची शाखा गळणे अगदीच अशक्य नव्हते. असा कागद खोटा ठरवावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यासही साक्षीदारासारखे तपासावे, इतकेच म्हणतो.

आता संगणकाविषयी. बाजारातील बहुतेक वंशावळीची सॉफ्टवेअरे प्रथमदर्शनी माणसाचे नाव मागतात, आणि आपण तेथेच फसतो. परंतु 'ग्रॅम्प्स'सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरात कागद जेथे ठेवला आहे ते भांडार, प्रत्यक्ष कागद, आणि त्यातील नेमका दाखला, असे तीन वेगळे खण आहेत. दाखल्याच्या विश्वासार्हतेस पाच पायऱ्याही आहेत. तेव्हा प्रथम कागदाची नोंद करावी, त्याचे छायाचित्र जोडावे, मजकूर उतरवून घ्यावा. एक खरेदीखत म्हणजे एक घटना मानावी, आणि त्यात घेणार, देणार, लिहिणार, साक्षीदार अशी जितकी नावे असतील तितकी त्या घटनेस जोडावीत. एकाच नावाचे दोन इसम एकच आहेत, असा निर्णय कारणासह लिहिल्यावाचून त्यांना एकत्र करू नये. निर्णय चुकला तर माघारी फिरण्याची वाट त्यामुळे उघडी राहते. आम्हांस ती उघडी नव्हती.

या सॉफ्टवेअरातही शक, फसली किंवा सुहूर सन यांची सोय नाही. म्हणून मूळ मिती जशी आहे तशी मजकुरात ठेवावी आणि इंग्रजी तारीख आपले गणित म्हणून वेगळी द्यावी. परंतु एवढ्यावरून यंत्रास बोल लावणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे. हीच पद्धत कागदाच्या तक्त्यांवर आणि चिंध्यांच्या रुमालांतही पाळता येते.

या रीतीने काम करू लागताच आणखी एक गोष्ट दिसू लागते. वंशावळीत स्त्रिया नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तिची रेघ संपते. सून आली की तिचे माहेर पुसले जाते. कागदात मात्र त्या आहेत. अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून आहेत, दत्तक घेणारी विधवा म्हणून आहेत, नांगराच्या निशाणीशेजारी बांगडीची निशाणी करणारी म्हणून आहेत. पुरुषांची साखळी जुळवण्याच्या नादात आपण निम्मे घराणे गमावून बसलो आहोत.

'कागद नाहीत, सगळे तोंडीच आहे', ही तक्रार आम्ही जाणतो. तोंडी हकीकतही साधनच आहे. कोणी सांगितली, कधी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, एवढे लिहिले की तिची किंमत ठरवता येते. तिची नोंद तर सर्वांआधी करावी, कारण कागदास वाळवी लागण्यास वेळ लागतो. माणसाचा भरवसा नाही.

२०२३ साली महाराष्ट्रात निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला. तेव्हा महसुली दप्तरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरे आणि मोडी कागद उपसावे लागले. तसबिरीतील वंशवृक्ष तेथे कोणाच्या उपयोगी पडला नाही. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपणांस तर आपण येथले किती पिढ्यांचे, हे वारंवार सांगावे लागते. ते अभिमानाने सांगून भागणार नाही; दाखवावे लागेल. आणि दाखवण्याजोगे जे काही आहे, ते माळ्यावरच्या पेटीत, मोडी वाचणाऱ्या अखेरच्या माणसाची वाट पाहत पडले आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंती मोठी नाही. पुढील अंक हाती येईपर्यंत प्रत्येक घराने पेटीतील एकच कागद काढावा, त्याचे छायाचित्र घ्यावे, तो कोठे, कोणाकडे व कसा आला हे चार ओळींत लिहावे. मूळ पुरुषास तोवर थांबू द्यावे. तो इतकी वर्षे थांबला आहे, आणखी तीन महिने थांबेल.